न्याय, माफी आणि दया : मॅसॅच्युसेट्समधील हद्दपारीविषयक काही अर्जांची भाषा

१

राजसत्तेपुढे केलेली याचना हा साहित्यविचाराचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यात नवल नाही. अर्ज, विनंतीपत्रे व कबुलीजबाब यांची गणना आपण इतिहासाच्या साधनांत करतो. त्यांतून तारखा, नावे व घटना वेचून घेतल्या की उरलेला मजकूर हा केवळ शिष्टाचाराचा फापटपसारा होय, असे आपण गृहीत धरून चालतो. क्वचित या मजकुराकडे लक्ष गेलेच, तर त्यावरून लेखकाच्या स्वभावाची परीक्षा केली जाते. भाषा लीन असेल तर लेखक भ्याड आणि ती ताठ असेल तर तो बाणेदार, असा हा हिशेब असतो. आपल्याकडे राजबंद्यांच्या अर्जांवरून जे वाद होतात, त्यांतही दोन्ही पक्षांकडून बहुधा हाच हिशेब मांडला जातो.

हा हिशेब भाषेच्या अभ्यासकास पटण्यासारखा नाही. अर्जाची भाषा ही एका माणसाची स्वाभाविक भाषा नसते. ज्याच्या हाती शिक्षा आहे त्याने आखून दिलेल्या चाकोरीतून ती चालत असते. तेव्हा लेखक लीन आहे की ताठ आहे, हा प्रश्न दुय्यम होय. तो नेमके काय मागतो, ते मागताना कोणती वाक्यरचना पत्करतो आणि कोणती कटाक्षाने टाळतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. सतराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत हद्दपारीच्या संदर्भात लिहिल्या गेलेल्या काही अर्जांच्या आधारे हा मुद्दा मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत या विवेचनाला सोयीचे तीन शब्द आहेत : न्याय, माफी आणि दया. न्याय मागणारा आपण निर्दोष आहोत असे म्हणतो. माफी मागणारा दोष कबूल करतो. दया मागणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच म्हणावे लागत नाही. तो दोषाचा प्रश्नच बाजूला ठेवू शकतो. खाली ज्या लेखनाचा विचार केला आहे, त्यात या तीनही मागण्या आलेल्या आहेत. एका लेखनात चौथीही मागणी आहे. तिचा विचार शेवटी करू.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयाची तर ती अशी. १६२९ च्या सनदेनुसार चालणाऱ्या या वसाहतीत ‘जनरल कोर्ट’ नावाची सभा कायदे करी आणि मोठे खटलेही चालवी. आरोप ठेवणारे, निवाडा देणारे व कायदा करणारे लोक बव्हंशी एकच असत. १६३१ पासून मताचा अधिकार केवळ चर्चच्या सभासदांपुरता मर्यादित झाला होता. त्यामुळे धर्ममतातील भेद हा पाहता पाहता राज्याविरुद्धचा अपराध ठरे. १६३५ मध्ये रॉजर विल्यम्स यांस हद्दपारीची शिक्षा झाली, तीही याच न्यायाने. अशा राज्यात अर्ज करावयाचा तो कोणाकडे? ज्याने दुखावले त्याच्याचकडे. पुढील सर्व लेखनाची अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे.

२

१९ जानेवारी १६३७ रोजी, म्हणजे नव्या कालगणनेनुसार, जॉन व्हीलराइट या धर्मोपदेशकाने बॉस्टन येथे उपवासाच्या दिवशी एक प्रवचन दिले. मनुष्याचा उद्धार त्याच्या सत्कृत्यांवरून ओळखावयाचा की तो केवळ ईश्वरी कृपेचा विषय आहे, हा त्या वेळचा वाद होता. कृपेचा पक्ष घेताना व्हीलराइट यांनी युद्धाची रूपके वापरली. मार्च महिन्यात कोर्टाने त्यांना बंडाळीस चिथावणी व अवमान या आरोपांखाली दोषी ठरविले. शिक्षा मात्र पुढे ढकलली. त्यावर बॉस्टनच्या साठांहून अधिक पुरुषांनी सह्या करून कोर्टाकडे एक अर्ज पाठविला. इंग्रजीत त्याला ‘रिमॉन्स्ट्रन्स’ म्हटले गेले. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘दाखविणे’ असा आहे. आपल्या ‘विनंती’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘विज्ञप्ति’ हे होय. म्हणजे तिचाही आरंभीचा अर्थ ‘कळविणे’ एवढाच. दोन्ही भाषांत मागण्याची क्रिया मुळात दाखविण्याची वा कळविण्याची क्रिया होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हा अर्ज न्याय मागणारा आहे. त्याची मांडणी तर्कशुद्ध आहे. बंडाळी कोठे आहे, असा त्याचा प्रश्न. ती माणसाच्या कृतीत असेल, त्याच्या शिकवणीत असेल, नाहीतर ऐकणाऱ्यांवर झालेल्या परिणामात असेल. या तिन्ही ठिकाणी ती आढळत नसेल, तर दोष कोणत्या आधारावर ठेवला, हे कळत नाही. परिणामाविषयी लिहिताना अर्जदार म्हणतात की, पेत्राने एके काळी उतावीळपणे तलवार उपसली तशी आम्ही उपसलेली नाही. इस्राएल लोकांनी योनाथानाला सोडविले तसे आम्ही आमच्या निरपराध बंधूला सोडविलेले नाही. आणि त्या लोकांनी जे केले तेही बंड नव्हते.

वाक्ये सर्व नकारार्थी आहेत. परंतु नकाराचा एक गुण असा की, जे नाकारावयाचे त्याचे नाव घेतल्याशिवाय ते नाकारता येत नाही. तलवार उपसली नाही असे म्हणताना तलवार हा शब्द उच्चारावाच लागतो. न्यायाधीशांनी नकार बाजूला सारून नेमका तो शब्द उचलला. त्यातच शेवटच्या पुस्तीने अर्जदारांचा घात केला. कैद्याला सोडविणे हे बंड नव्हे असे म्हटल्यावर, ते अजून केलेले नाही या विधानाला निराळाच रंग चढतो. तार्किक दृष्ट्या अर्जात कोठेही धमकी नाही. पण श्रोता भ्यालेला असता निषेधाचे वाक्य शक्यतेचे वाक्य म्हणून ऐकू येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित आढळेल.

मे महिन्याच्या निवडणुकीत व्हीलराइट यांना अनुकूल असलेले गव्हर्नर हेन्री व्हेन पराभूत झाले व जॉन विन्थ्रॉप निवडून आले. नोव्हेंबरात व्हीलराइट यांना हद्दपार करण्यात आले. त्यांच्या नात्यातील ॲन हचिन्सन यांनाही तीच शिक्षा झाली. स्त्री असल्यामुळे अर्जावर त्यांची सही नव्हती. परंतु शिक्षेचे कारण विचारले असता, कोर्टाला ते ठाऊक आहे व तेवढे पुरे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. अर्जाचा मसुदा करणारे विल्यम ॲस्पिनवॉलही हद्दपार झाले. २० नोव्हेंबरच्या हुकुमाने ७५ पुरुषांची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्यांपैकी ५८ बॉस्टनचे होते. पूर्वी जर्मनीत घडले त्याप्रमाणे हे लोक एखाद्या साक्षात्काराच्या भरात एकाएकी उठाव करतील, अशी भीती हुकुमात व्यक्त केली आहे. त्यातच एक सवलतही आहे. सही करण्यात आपण पाप केले असे जो कबूल करील, त्याला शस्त्रे द्यावी लागणार नाहीत. आठ महिन्यांपूर्वी जो अर्ज होता, तो आता ‘राजद्रोही बदनामीपत्र’ झाला. कागद तोच, अक्षरे तीच. बदलले ते केवळ त्याचे नाव, आणि ते नाव ठेवण्याचा अधिकार वाचणाऱ्याकडे होता.

या अर्जाच्या धैर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक दोष सांगितला पाहिजे. न्यायाधीशांना तो बजावतो की, ईश्वराच्या संदेष्ट्यांना हात लावणे धोक्याचे आहे आणि कृपेच्या शिकवणीवर बालंट आणणे ही सैतानाची जुनी रीत आहे. हे म्हटल्यावर न्यायाधीशाला माघार घ्यावयाची झाल्यास आपण सैतानाच्या बाजूला होतो, हे पत्करून ती घ्यावी लागते. मागणाऱ्याने देणाऱ्यासाठी एक दार उघडे ठेवावयाचे असते. या अर्जाने ते लावून घेतले. पुढे १६४१ च्या ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ या कायदेसंग्रहाच्या बाराव्या कलमाने, योग्य वेळी व आदरपूर्वक असेल तर, कोणाही माणसास सभेपुढे अर्ज वा तक्रार मांडण्याची मोकळीक दिली. ही मोकळीक मिळाली तेव्हा १६३७ चे अनेक सहीदार वसाहतीबाहेर होते.

३

दुसरे लेखन माफीचे आहे. हद्दपार झाल्यावर व्हीलराइट उत्तरेस गेले. तेथे त्यांनी एक्झिटर हे गाव वसविले व पुढे ते वेल्स येथे राहू लागले. तेथून १६४३ मध्ये त्यांनी शिक्षा रद्द व्हावी म्हणून पत्र लिहिले. वरवर पाहता हे संपूर्ण शरणागतीचे पत्र आहे. सैतानाच्या मोहाच्या खोट्या आरशात व स्वतःच्या क्षुब्ध विकारांमुळे आपल्याला मतभेद आहेत त्याहून मोठे दिसले, असे ते म्हणतात. प्रवचनातील कठोर दोषारोप, भ्रष्ट मतांच्या लोकांना दिलेला आधार, धर्मसभेतील संदिग्ध बोलणे आणि कोर्टाच्या निर्णयावर अपील करणे, या गोष्टींबद्दल ते पश्चात्ताप व्यक्त करतात व क्षमा मागतात.

पण जरा जवळून पाहावे. कबुलीच्या यादीत आहे ते सर्व रीतीविषयी आहे. आवेश, संगत, शब्दांची निवड, आणि गैरसमजामुळे केलेले अपील. ज्या शिकवणीसाठी शिक्षा झाली ती चुकीची होती, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मतभेद वाटला तेवढा मोठा नव्हता, या विधानात तो होता आणि आहे, हे गृहीत आहे. भ्रष्ट लोकांना आधार दिला, परंतु तसा हेतू नव्हता, अशी पुस्ती जोडलेली आहे. संदिग्ध शब्दांविषयी तर ते आपल्या तोंडून निसटले अशी रचना आहे. शेवटी एक ‘जर’ येतो. आपण नियमाविरुद्ध वागलो असे शास्त्राच्या प्रकाशात दिसून आले, तर समाधान करून देण्यास आपण तयार आहोत.

मराठी वाचकाला या रचनेची ओळख सहज पटेल. ‘मी अपराध केला’ आणि ‘माझ्या हातून अपराध घडला’ या दोन वाक्यांतील अंतर आपण रोजच्या व्यवहारात जाणतो. पहिल्यात करणारा पुढे उभा असतो. दुसऱ्यात तो हातामागे असतो. व्हीलराइट यांचे पत्र मराठीत आणावयाचे झाल्यास भाषांतरकाराला वाक्यावाक्याला या दोहोंतून निवड करावी लागेल, आणि प्रत्येक निवडीबरोबर कबुलीचे वजन बदलेल. हे पत्र लबाडीचे आहे, असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ज्याला जेवढे खरे वाटते तेवढेच कबूल करावयाचे असते, त्याला रचनेचाच आश्रय घ्यावा लागतो.

याचा पुरावा त्यांनी स्वतःच पुढे दिला. कोर्टाने त्यांना येऊन बोलण्यासाठी मुदतीचा परवाना देऊ केला, तेव्हा त्यांनी विन्थ्रॉप यांना दुसरे पत्र लिहिले. आपल्यावर जे घोर अपराध लादले गेले आहेत, ते कबूल करून सदसद्विवेकबुद्धीला स्मरून स्वतःला दोषी ठरविणे आपल्याला शक्य नाही, असे त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले. साहित्यगुणांत हे पत्र पहिल्याहून साधे असले तरी प्रामाणिकपणात ते श्रेष्ठ आहे. पहिल्या पत्राचे वाचन कसे करावे, हे लेखकानेच त्यात सांगून ठेवले आहे.

मे १६४४ मध्ये हद्दपारी उठविण्यात आली. व्हीलराइट यांना हजरही व्हावे लागले नाही. परंतु कोर्टाच्या दप्तरात जी नोंद झाली, तिच्यात असे म्हटले आहे की, आपली दुर्वर्तणूक आणि त्याबद्दल कोर्टाने केलेला न्याय यथायोग्य होता हे त्यांनी पत्रांद्वारे गंभीरपणे मान्य केल्यावरून ही शिक्षा रद्द होत आहे. पत्रांतील ‘जर’ नोंदीत नाही, हेतू नसल्याची पुस्ती नाही, आणि ज्या गोष्टीला त्यांनी स्पष्ट नकार दिला होता तीच मान्य केल्याचे लिहिले आहे. १६३७ मध्ये कोर्टाने नकाराचा होकार केला. १६४४ मध्ये शर्तीच्या कबुलीची बिनशर्त कबुली केली. पहिल्या वेळी परिणाम शिक्षेत झाला, दुसऱ्या वेळी सुटकेत. वाचनाची पद्धत मात्र तीच होती. सत्तेला माणूस परत घ्यावयाचा असतो तेव्हाही तो आपल्या शब्दांत घ्यावयाचा असतो.

४

१६३७ च्या अर्जावर सही केल्याबद्दल ज्यांचा नागरिकत्वाचा हक्क व शस्त्रे गेली, त्यांत विल्यम डायर हे एक होते. त्यांची पत्नी मेरी डायर ही ॲन हचिन्सन यांची निष्ठावंत मैत्रीण. हे कुटुंब ऱ्होड आयलंडात जाऊन राहिले. पुढे इंग्लंडमधील वास्तव्यात मेरी क्वेकर पंथात गेली. विल्यम गेले नाहीत. १६५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केलेला क्वेकर परतल्यास त्याला मृत्युदंड देण्याचा कायदा केला. मेरी तेथे पुनःपुन्हा जात राहिली.

ऑगस्ट १६५९ मध्ये ती बॉस्टनच्या तुरुंगात असता विल्यम यांनी तेथील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते पत्र न्यायाचे आहे, आणि त्यातील शब्द आसुडासारखे आहेत. एकेकाळी इंग्लंडात बिशपांपुढे उभे केल्यावर ‘तू प्युरिटन आहेस ना?’ हा पहिला प्रश्न तुम्हांला ऐकावा लागे; आज तुम्ही ‘तू क्वेकर आहेस’ असे म्हणूनच आरंभ करता, असे ते त्यांना सुनावतात. छळातून पळून आलेल्यांनी छळाची भाषा सही सही उचलावी, हे या दोन वाक्यांच्या तुलनेतून ते जसे दाखवितात, तसे दाखविणे एखाद्या भाषाशास्त्रज्ञालाही अवघड जावे.

२७ ऑक्टोबर १६५९ रोजी मेरीला विल्यम रॉबिन्सन व मार्मड्यूक स्टीव्हन्सन यांच्याबरोबर फाशीच्या जागी नेण्यात आले. दोघांना फाशी झाली. मेरीला गळ्यात दोर अडकविल्यानंतर, मुलाने केलेल्या विनवणीवरून, परत पाठविण्यात आले. हे सारे कोर्टाने आधीच ठरवून ठेवले होते. दयेचा हा असा प्रयोग लावलेला होता. मे १६६० मध्ये ती पुन्हा बॉस्टनला आली. २७ मे रोजी विल्यम यांनी गव्हर्नर जॉन एंडिकॉट यांना दुसरे पत्र लिहिले.

या पत्रात कायदा हा विषयच नाही. सदसद्विवेकबुद्धी नाही, बिशप नाहीत, तुलना नाही. नऊ महिन्यांपूर्वी ज्या हाताने आसूड ओढले, तो हात येथे केवळ पसरलेला आहे. पत्नीला आपण सहा महिन्यांहून अधिक काळ पाहिलेले नाही आणि ती असे का वागली हे आपल्याला सांगता येत नाही, असे ते लिहितात. तिची निष्ठा जर इतकी मोठी असेल, तर तुमची करुणा तिच्याहून वरचढ ठरो, अशी त्यांची मांडणी आहे. १६३७ च्या अर्जाने जे दार लावले होते ते येथे सताड उघडले आहे. सोडून दिल्यास तुम्ही हरत नाही, जिंकता, असे हे पत्र न्यायाधीशांना सांगते.

त्याहून लक्षणीय एक वाक्य आहे. आपणही पती होता, आहात किंवा व्हाल, तसाच मीही आहे, असा त्याचा आशय. भूत, वर्तमान व संभाव्य भविष्य अशी तिन्ही रूपे येथे एका ओळीत ठेवलेली आहेत. दिसावयास ही कारकुनी काटेकोरपणाची रचना आहे, कायद्याच्या कलमात शोभावी अशी. विधुर सुटू नये, विवाहित सुटू नये, अविवाहितही सुटू नये, अशी तिची योजना आहे. परंतु तिने साधते ते कायद्याच्या नेमके उलट. काळाच्या या तीन रूपांत सभेतील एकेक माणूस न्यायाधीशपणातून बाहेर काढला जातो व पती म्हणून उभा केला जातो. शेवटी अश्रूंची याचना आहे. पण पत्राचा उत्कर्षबिंदू अश्रूंत नसून या क्रियापदांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता या पत्राचा दोष, आणि तो लहान नाही. विल्यम माफी मागत नाहीत, कारण दुसऱ्याच्या वतीने माफी मागता येत नाही. ते दया मागतात. दोषाचा प्रश्न बाजूला ठेवण्याची सोय दयेत आहे, असे आरंभी म्हटले. पण ती सोय फुकट मिळत नाही. मेरीने जे केले त्याला अपराध म्हणावयाचे नाही आणि सत्कार्य म्हणण्याची सोय नाही. मग त्याला म्हणावे काय? पत्रात त्याला अविचाराचे वेड म्हटले आहे. एकमेकांना जीव धोक्यात घालण्यास साहाय्य करणाऱ्या तिच्या सोबत्यांना दूषणही दिले आहे. तिचे प्राण मागताना तिची कारणे द्यावी लागली.

ती कारणे तिने स्वतः लिहून ठेवली होती. ऑक्टोबर १६५९ मध्ये तिने जनरल कोर्टाला उद्देशून लिहिलेले व पुढे छापले गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. बायबलमधील एस्तेर राणी आपल्या लोकांसाठी राजापुढे गेली, त्या प्रसंगाचा तीत आधार घेतला आहे. आपण स्वतःचे प्राण मागत नाही, असे ती स्पष्ट करते. तिची मागणी एकच : असे कायदे रद्द करावेत. ही ती चौथी मागणी. न्याय, माफी व दया या तिन्ही मागण्या कायदा आहे तसा राहील असे धरून चालतात. मेरीची मागणी तसे धरत नाही. म्हणूनच तिला मिळालेली सुटका तिने नाकारली आणि ती परत आली. १ जून १६६० रोजी तिला फाशी देण्यात आले.

५

या अर्जांचे मूल्य त्यांच्या फळावरून ठरवावयाचे म्हटले तर हाती काहीच लागत नाही. तर्कशुद्ध अर्जाने शिक्षा वाढविली. शर्तीच्या कबुलीला यश आले, पण ती बिनशर्त करून घेतल्यावर. मुलाच्या विनवणीचे यश आधीच ठरलेले होते आणि पतीच्या विनवणीचे अपयशही बहुधा तसेच. मेरीची मागणी त्या वेळी ऐकली गेली नाही. मार्च १६६१ मध्ये विल्यम लेड्रा या क्वेकरला फाशी झाली. त्याच वर्षी राजा दुसऱ्या चार्ल्सने अशा शिक्षा थांबवून खटले इंग्लंडला पाठविण्याचा हुकूम काढला. तो बॉस्टनला पोचविला सॅम्युएल शॅटक या हद्दपार क्वेकरने. म्हणजे अखेर जो कागद चालला तो अर्ज नव्हता, हुकूम होता.

मग कसोटी कोणती? ज्याच्यासाठी मागावयाचे त्याचे सत्य मागताना किती शिल्लक राहिले, ही कसोटी प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. तिला उतरते ते व्हीलराइट यांचे दुसरे पत्र आणि मेरीचे पत्र. अभिव्यक्तीच्या दृष्टीने विल्यम यांचे १६६० चे पत्र या सर्वांत श्रेष्ठ आहे, पण या कसोटीला ते उतरत नाही. तरीही त्याला भ्याडपणाचा नमुना म्हणणे हे वाचनाचे दारिद्र्य होय. ते लिहिणारा माणूस तेवीस वर्षांपूर्वी न्याय मागून शस्त्रे गमावून बसला होता. न्यायाची भाषा त्या कोर्टात कशी ऐकली जाते, हे त्याला पुरते ठाऊक होते. १६५९ मध्ये ती पुन्हा वापरून त्याने पाहिलीही होती. त्याची लीनता ही अनुभवाने शिकलेली भाषा आहे. तिच्यावरून त्याच्या मनाविषयी निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्यावरून त्या कोर्टाविषयी मात्र निर्णय देता येतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशा लेखनाला स्थान द्यावे काय, याचा विचार विभागाने करावा. ते द्यावयाचे झाल्यास विद्यार्थ्यांच्या हाती एकेक अर्ज सुटा देऊ नये, एवढीच सूचना करावीशी वाटते. १६६० चे पत्र १६५९ च्या पत्राशेजारी ठेवावे. कबुलीशेजारी दप्तरातील नोंद ठेवावी. आणि पतीच्या याचनेशेजारी, जिने याचना केली नाही, त्या पत्नीचे पत्र ठेवावे. सुटा अर्ज आपल्याला फक्त वाकलेला माणूस दाखवितो. त्याला कशाखाली वाकावे लागले, ते दिसण्यासाठी हे सारे कागद एकत्र वाचावे लागतात.